उतारावरचा हिशेब

या सदरांत आम्ही बहुधा शब्दांची, ग्रंथांची, नाहीं तर घरगुती जमाखर्चाची चर्चा करितों. त्यामुळें या खेपेस मोटारसायकलीचें इंजिन हा विषय पाहून आमचे कांहीं जुने वाचक चष्मा पुसून सदराचें नांव पुन्हा एकवार वाचतील. त्यांस एवढेंच सांगतों कीं, ज्याच्या अंगणांत किंवा जिन्याखालीं दोन-तीन दुचाक्या उभ्या नाहींत असें घर आज आपल्या मंडळींत क्वचितच सांपडेल. मुलगा कॉलेजांत जातो तो दुचाकीवर, सून नोकरीस जाते ती दुचाकीवर, आणि आजीबाई देवळांत जातात त्याहि नातीच्या मागें बसूनच. ज्या वाहनावर घरचीं सारीं माणसें रोज बसतात, त्याच्या गुणदोषांची चर्चा घरांत मुळींच होऊं नये, हें कांहीं बरें नव्हे.

प्रसंग असा घडला. आमच्या थोरल्या भगिनी, आक्का, सांगलीस गांवभागांत राहतात. त्यांच्या मुलाचा, म्हणजे आमच्या भाच्याचा, एके रात्रीं फोन आला. "मामा, आतां तुम्हीच त्याला कांहीं सांगा. आमचें कोणाचें तो ऐकत नाहीं." 'तो' म्हणजे भाच्याचे चिरंजीव. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, आणि गेल्या पाडव्यास त्यांना मोटारसायकल मिळाली आहे. भाद्रपदांत ते मित्रांबरोबर साताऱ्यावरून कासच्या पठारावर फुलें पाहण्यास गेले होते. परत येतांना यवतेश्वरचा घाट आपण इंजिन बंद करून कसा उतरलों, ही हकीकत त्यांनीं जेवतांना मोठ्या अभिमानानें सर्वांस ऐकविली. इतक्यावरच भागलें असतें. पण पुढच्या पंधरवड्यांत आपल्या बारा वर्षांच्या बहिणीस मागें बसवून पुन्हा तेथेंच न्यावयाचा त्यांचा बेत होता. भाचेसुनेनें साफ नाहीं म्हटलें. आक्कांनीं नातवाची बाजू घेतली. "पोर रोज मिरजेपर्यंत गाडी घेऊन जातो-येतो, त्याला कळत नाहीं होय?" झालें. घरांत दोन तट पडले, दोन दिवस जेवणाच्या पाटावर अबोला राहिला, आणि प्रकरण निकालासाठीं आमच्याकडे आलें.

आक्कांचें म्हणणें खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. सांगली शहर कृष्णेच्या कांठीं सपाटीवर वसलेलें. १९२९ सालीं बांधलेल्या आयर्विन पुलाचा चढ हाच काय तो गांवांतल्या पोरांचा घाट! सांगली-मिरज रस्त्यावर वर्षानुवर्षें गाडी चालविली तरी लांब उतार म्हणजे काय, याचा अनुभव येत नाहीं. उलट साताऱ्याच्या पोरास कासला किंवा महाबळेश्वरला जावयाचें तर घाट चुकत नाहीं. पोहणें विहिरींत शिकलेला मुलगा पुरांत टिकेलच असें नाहीं. आक्का नातवाचें विहिरींतलें पोहणें पाहून प्रशस्तिपत्र देत होत्या.

शनिवारीं दुपारीं चिरंजीव कराडवरून साताऱ्यास आले. चहा झाल्यावर आम्हीं सरळच विचारलें. उत्तर तयार होतें. "आजोबा, उतारावर इंजिनाचें काम काय? गाडी आपोआपच खालीं जाते. मग उगीच पेट्रोल कशाला जाळायचें? न्यूट्रल केली, किल्ली फिरवली, ब्रेक आहेतच कीं!"

शेवटचे शब्द ऐकून आम्ही थोडे चपापलों. हेच शब्द पूर्वी एका माणसाच्या तोंडीं होते, आणि तो माणूस आमच्या फार परिचयाचा आहे. पण तें मागाहून.

'ब्रेक आहेतच' हें खरें. पण ब्रेकांस काय काम पडतें तें पाहूं. आमच्या पसरणीच्या घाटाचाच हिशेब करूं. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच, वाई सुमारें ७०० मीटर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत दुचाकी सहाशें मीटर खालीं येते. गाडी व तिच्यावरचीं दोन माणसें मिळून २४० किलो वजन धरलें, तर या उतरण्यांत जी शक्ति मोकळी होते तिची उष्णता केल्यास चार लिटरांहून अधिक थंड पाणी उकळीस येईल. घरांत मंगळागौरीस जमलेल्या बायकांच्या चहाचें आधण होईल, म्हणाना! यांतला बराच वाटा वारा आणि टायर घेतात, हें कबूल. परंतु उरलेली सगळी उष्णता, इंजिन बंद असेल तर, ब्रेकच्या त्या वाटीएवढ्या ड्रमांत आणि लायनरांतच शिरावयाची. ड्रम तापला म्हणजे प्रसरण पावतो आणि ब्रेक-शूपासून दूर सरकतो. लायनर तापला म्हणजे त्याची पकड कमी होते. दट्ट्या व तेलाचे ब्रेक असतील तर तें तेल फार तापून त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि दांडी हाताला मऊ लागते. दांडी दाबली जाते आणि गाडी थांबत नाहीं, असा तो प्रकार. ब्रेक त्या वेळीं मोडलेला नसतो. थंड झाला कीं पुन्हा पहिल्यासारखा लागतो. एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

आतां इंजिनाकडे वळूं. आमच्या लहानपणीं डोंगराकडच्या गांवांतून भाताच्या गोणी घेऊन बैलगाड्या खालीं येत. चढावर बैल गाडी ओढीत हें सर्वांस दिसे. उतारावर तेच बैल मागें रेलून, खूर रोवून, गाडी अंगावर धरीत, हें पाहणारासच दिसे. उतार आला म्हणून बैल सोडून देऊन गाडी तशीच लोटून देणारा गाडीवान आमच्या पाहण्यांत नाहीं. गिअरमध्यें असलेलें इंजिन हें उतारावर त्या बैलांचेंच काम करतें. रेसची मूठ सोडली म्हणजे इंजिन चाकास फिरवीत नाहीं. चाकच साखळीवाटे इंजिनास फिरवूं लागतें, आणि इंजिन फिरण्यास राजी नसतें. ही जी नाराजी, तिलाच आमचे एस.टी.चे चालक 'गाडी गिअरवर उतरविणें' म्हणतात.

इंजिन नाराज कां असतें? चिरंजीवांनीं तात्काळ उत्तर दिलें, "कॉम्प्रेशनमुळें." गांवांतल्या बहुतेक गॅरेजांतहि हेंच उत्तर मिळतें, आणि आम्हीहि पुष्कळ दिवस तेंच खरें मानीत होतों. पण तें अर्धेंहि खरें नाहीं. याची परीक्षा घरांत करितां येते. नातवंडांना औषध पाजण्याची बिनसुईची पिचकारी प्रत्येक घरांत असते. तिच्यांत हवा भरून घ्या, तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या आंत रेटा. जोर लागतो खरा. पण हात सोडतांच दट्ट्या उसळून परत येतो. दिलेलें सर्व परत मिळालें. दाबलेली हवा ही सावकार नव्हे, ठेव ठेवणारी पेढी आहे. इंजिनांतहि दट्ट्या वर जातांना हवा दाबतो, आणि तीच हवा त्यास पुढच्या क्षणीं खालीं ढकलते. थोडी गळती व उष्णता सोडली तर हिशेब जवळजवळ बरोबरींत सुटतो.

आतां दुसरा प्रयोग. दट्ट्या पूर्ण आंत असूं द्या. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या बाहेर ओढा. हात दुखेल इतकी ओढ लागेल. ओढून झाल्यावर दट्ट्या तसाच धरून बोट उचला. 'सुस्स्' करून हवा आंत शिरेल. आतां दट्ट्या सहज आंत ढकला, आणि पुन्हा बोट ठेवून ओढा. असें वीस वेळां करा. प्रत्येक खेपेस ओढण्याचा जोर तुमचा, आणि परत मात्र कांहींच नाहीं! रेस सोडलेल्या पेट्रोल इंजिनांत हेंच घडतें. मूठ सोडली म्हणजे हवेची वाट जवळजवळ बंद होते. दट्ट्या खालीं जातांना त्या बंद वाटेंतून हवा ओढूं पाहतो, ती पुरेशी येत नाहीं, आणि पोकळी निर्माण होते. पुढें धुराची झडप उघडते तेव्हां बाहेरची हवा त्या पोकळींत शिरते आणि केलेली सारी मेहनत फुकट जाते. गाडीची गति खाऊन टाकणारी ही पहिली गोष्ट. दुसरी घर्षण. दट्ट्याच्या कड्या, बेअरिंगें, झडपांच्या स्प्रिंगा, तेल घुसळणें, या सर्वांस शक्ति लागते, आणि तिचाहि वाटा लहान नाहीं.

चिरंजीव पिचकारीशीं खेळत बसले. पण पटलें असें म्हणेनात. तेव्हां आम्हीं आमच्या जुन्या विद्येचा आधार घेतला. न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची रीत अन्वय आणि व्यतिरेक अशी दुहेरी आहे. तें असतां कार्य होतें का, आणि तें नसतां कार्य होत नाहीं का, असे दोन्हीं प्रश्न विचारावे लागतात. कॉम्प्रेशन हेंच कारण असेल, तर जेथें तें अधिक तेथें अडवणूकहि अधिक हवी. डीझेल इंजिनांत हवा पेट्रोल इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणांत दाबली जाते. मग मालमोटार सर्वांत जास्त अडली पाहिजे. प्रत्यक्षांत उलट होतें. जुन्या धर्तीच्या डीझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर दारच नसतें. पायाखालचा खटका फक्त तेल कमीजास्त करतो. म्हणून पोकळी होत नाहीं, आणि वजनाच्या मानानें इंजिन फार थोडें अडवितें. याकरितां तर त्या गाड्यांस धुराची नळी कोंडणारा निराळा ब्रेक जोडावा लागतो. कॉम्प्रेशन आहे आणि अडवणूक नाहीं. अर्थात् मुख्य कारण तें नव्हे. येथें मात्र चिरंजीवांनीं पिचकारी खालीं ठेवली आणि "हें कॉलेजांत कोणी सांगितलें नव्हतें" असें म्हणाले. वाणिज्य शाखेंत सांगतील तरी कशाला!

एकदां कारण कळलें म्हणजे कोणत्या गोष्टीनें ही अडवणूक वाढते आणि कशानें घटते, हें पाठ करावें लागत नाहीं. सर्वांत मोठी गोष्ट गिअर. शंभर सी.सी.च्या साधारण गाडींत दुसऱ्या गिअरला इंजिन चौथ्याच्या पावणेदोन-दोनपट फेरे घेतें. म्हणजे रस्त्याच्या त्याच एका मीटरांत दट्ट्यास जवळजवळ दुप्पट वेळां ती फुकट ओढ घ्यावी लागते, आणि गाडी तितकी अधिक अडते. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा चालकांचा जुना नियम यावरूनच निघाला आहे. मात्र गिअर निवडावयाचा तो उताराच्या माथ्यावर. गाडी पळूं लागल्यावर मध्येंच एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडला, तर मागचें चाक क्षणभर धरल्यासारखें होतें आणि घसरतें. यासाठींच अलीकडे कांहीं महागड्या गाड्यांत असा क्लच बसवितात कीं जो अशा वेळीं आपण होऊनच थोडा सुटतो.

इंजिन मोठें, म्हणजे दट्ट्याची ओढहि मोठी. एकच मोठा दट्ट्या असलेली गाडी हिसके देत अडते, दोन-चार लहान दट्ट्यांची गाडी मऊपणें. मूठ सोडल्यावर इंजिन ज्या किमान वेगानें फिरत राहतें तो वेग मिस्त्रीनें वाढवून ठेवला असेल, तर हवेचें दार थोडें उघडेंच राहतें आणि अडवणूक कमी होते. फ्लायव्हील जड असेल तर मूठ सोडल्यावर इंजिनाचा वेग उतरण्यास थोडा अधिक वेळ लागतो. आणि क्लच दाबला, तर बैलच सोडले! घाटांत वळणावर भीतीनें क्लच दाबून धरण्याची नवशिक्यांस फार खोड असते.

टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट वेगळी. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरी याच जातीच्या असत. त्यांत हवा ओढण्याचा स्वतंत्र फेराच नाहीं, त्यामुळें त्या उतारावर फार थोड्या अडत. शिवाय त्यांचें वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असे. मूठ मिटली कीं पेट्रोलाबरोबर तेलहि आटे, आणि लांब उतारावर इंजिन कोरडें फिरून अडकून बसण्याची भीति असे. म्हणून जाणते लोक उतरतांना मधून मधून थोडी रेस देत. फोर-स्ट्रोकमध्यें तेलाची व्यवस्था निराळी असल्यानें ही भीति नाहीं. गिअरवर उतरल्यानें इंजिन झिजतें का, असें भाच्यानें फोनवर विचारलें होतें. इंजिन अति वेगानें किंचाळेल इतका खालचा गिअर घातला नाहीं तर झिजत नाहीं, हेंच त्याचें उत्तर.

राहिली पेट्रोलच्या बचतीची गोष्ट. यांत चिरंजीवांचा पुरता पराभव झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक दुचाक्यांत कार्बुरेटर जाऊन पेट्रोलची पिचकारी आली. गाडी गिअरमध्यें असून मूठ पूर्ण सोडली आणि इंजिन पुरेशा वेगानें फिरत असलें, तर ही पिचकारी पेट्रोल मुळींच सोडीत नाहीं. चाकच इंजिनास फिरवीत असतें, त्याला खाऊं घालण्याचें कारण काय? उलट न्यूट्रलमध्यें इंजिन चालूं ठेवलें, तर तें विझूं नये म्हणून थोडें थोडें पेट्रोल द्यावेंच लागतें. म्हणजे गिअरवर उतरलें तरी खर्च शून्य, किल्ली फिरवून उतरलें तरी खर्च शून्य. फरक इतकाच कीं, किल्ली फिरविली म्हणजे बैल गेले, दिवा गेला, भोंगा गेला, आणि चाक अडकूं न देणारी विजेची यंत्रणा असली तर तीहि गेली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यानें हा व्यवहार कसा केला, असें विचारतांच स्वारी हसली.

आमच्या वाचकभगिनींसाठीं येथें एक गोष्ट मुद्दाम लिहितों, कारण घरोघर त्यांच्या हातीं असते ती बिनगिअरची स्कूटर. तींत क्लच आपोआप लागतो व सुटतो. वेग बराच असतांना मूठ सोडली तर इंजिन थोडेंफार धरतें. वेग एका मर्यादेखालीं गेला कीं क्लच सुटतो, आणि मग गाडी न्यूट्रलसारखीच मोकळी पळते. उतारावर पुन्हा वेग आला तरी क्लच आपण होऊन लागेलच असें नाहीं. किंचित् मूठ पिळली तर तो लागतो, आणि मग मूठ सोडली तरी कांहीं काळ इंजिन धरतें. तरीहि या स्कूटरीवर घाटांत मुख्य भिस्त ब्रेकांवरच. म्हणून आरंभापासूनच सावकाश निघावें, दोन्हीं ब्रेक वापरावेत, सतत घासत ठेवण्यापेक्षां दाबून सोडावे, आणि मध्यें एखाद्या चहाच्या टपरीपाशीं थांबून ब्रेकांस निवूं द्यावें. विजेच्या स्कूटरींत मोटारच उलट वीज तयार करून गाडी अडविते. पण पांचगणीस बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर ती वीज ठेवण्यास जागा नसते आणि अडवणूक कमी लागते. हें पुष्कळांस ठाऊक नसतें, आणि पहिल्या वळणावर त्यांचा गोंधळ उडतो.

एक सावधगिरी मात्र सर्वांस सांगणें प्राप्त आहे. इंजिनाची अडवणूक फक्त मागच्या चाकावर लागते. २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलेल्या पश्चिम घाटांत आमचें कास आहे, आणि तेथील फुलांचा हंगाम म्हणजे नेमका ओल्या रस्त्यांचा हंगाम. शेवाळलेल्या, चिखलाच्या वळणावर पहिला गिअर टाकून क्लच झटक्यानें सोडला, तर मागचें चाक बाजूस जातें. तेथें दुसराच बरा. शिवाय नुसतें गिअरवर उतरतांना मागचा लाल दिवा लागत नाहीं. मागून येणाऱ्यास कळावें म्हणून ब्रेकची दांडी मधून मधून हलकेच दाबावी.

आतां तें मागें राहिलेलें. १९८९ सालच्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब पांचगणीस एका मुंजीस गेलों होतों. स्कूटर नवी नव्हती, पण ठीक होती. निघण्यापूर्वीं आठवडाभर आधीं साताऱ्यांतल्या एका मिस्त्रीकडून तिचे ब्रेक करून घेतले होते. परततांना दांडेघरच्या नाक्यावरून उतार लागला, तशी आम्हीं गाडी न्यूट्रल केली आणि किल्ली फिरविली. इंजिन कोरडें फिरून अडकूं नये, हें कारण लोकांस सांगण्यापुरतें. खरें कारण पेट्रोल. शिक्षकाच्या पगारांत त्याची वाटीवाटीची मोजदाद असे. आठ-नऊ किलोमीटर छान गेले. धोमचें पाणी दुपारच्या उन्हांत चमकत होतें, तें आम्हीं कुटुंबास बोटानें दाखविलेंहि. मग एका वळणाअलीकडे दांडी दाबली, पायानें खटका दाबला, आणि गाडी तशीच चालली. आम्हीं ती डोंगराकडच्या चरांत घातली, म्हणून आज हें लिहीत आहों. आम्हांस खरचटलें. कुटुंबाचें उजवें मनगट मोडलें. वाईस प्लॅस्टर घातलें गेलें. हाड जुळलें, पण जरा वांकडें. तेव्हांपासून त्या पोळी लाटतात ती डाव्या हाताच्या जोरावर.

आम्हीं काय केलें? दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीच्या दुकानीं जाऊन चार माणसांदेखत त्यास बोललों. त्यानें चाक काढून ब्रेक दाखविले. लायनर काळे पडले होते, पण जागच्या जागीं होते. "मास्तर, ब्रेक लागतोय कीं," असें तो पुन्हा पुन्हा म्हणाला. खरेंच लागत होता, कारण तो आतां थंड झाला होता. आम्ही मानलें नाहीं. पुढें दोन वर्षें, कोणी विचारो न विचारो, त्या माणसाकडे गाडी देऊं नका असें आम्ही सांगत राहिलों. गांव लहान, आणि शिक्षकाच्या शब्दाला तेव्हां वजन असे. त्याचीं गिऱ्हाइकें किती तुटलीं याचा हिशेब आम्हांजवळ नाहीं. ड्रम तापल्यावर काय होतें हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं, शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या एका सहकाऱ्याकडून सहज बोलतांना कळलें. त्यानंतरहि आम्ही तोंड मिटूनच राहिलों.

शनिवारीं रात्रीं ही सर्व हकीकत आम्हीं चिरंजीवांस सांगितली. कुटुंब स्वयंपाकघरांत पोळ्या करीत होत्या. आमचें बोलणें संपल्यावर आंतून आवाज आला, "मला ठाऊक आहे हें."

"काय ठाऊक आहे?"

"अहो, मी मागेंच बसलें होतें ना? इंजिन बंद झालेलें मला कळलें नसेल का? किती शांत वाटलें होतें तेव्हां."

"मग इतकीं वर्षें बोलला नाहींत तें?"

"तुम्ही त्या मिस्त्रीला बोलत होतां तेव्हां मी एकदां म्हटलें होतें. तुम्ही ऐकलें नाहीं."

आम्हांस तें आठवत नाहीं. पण त्या म्हणतात तें खरेंच असणार. चिरंजीव आपल्या ताटाकडे पाहत होते.

रविवारीं सकाळीं आम्ही त्यांच्या मागें बसून यवतेश्वरपर्यंत गेलों आणि माथ्यावरच दुसरा गिअर घालून उतरलों. मूठ पूर्ण सोडलेली, वेग पंचविसाच्या आसपास, वळणापुरता ब्रेक. कॉलेजच्या पोरांच्या तीन गाड्या आमच्या बाजूनें हसत निघून गेल्या, तेव्हां चिरंजीवांची मान ताठ झाली; पण गिअर त्यांनीं बदलला नाहीं, हें आम्हीं मागून पाहिलें. समर्थ मंदिराजवळ खालीं आल्यावर मागच्या ड्रमाजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावयास सांगितलें. ड्रम कोमट होता. ते जरा वेळ तसेच बसून राहिले आणि मग म्हणाले, "मागच्या वेळेला इथें रबर जळाल्यासारखा वास येत होता. मला वाटलें दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असेल."

घरीं जातांना आम्हीं गाडी जुन्या मिस्त्रीच्या गल्लींतून घ्यावयास लाविली. दुकान कधींच उठलें आहे. तेथें आतां मोबाइल दुरुस्तीचें दुकान आहे. शेजारच्या किराणा दुकानदारास विचारलें, तर मिस्त्री वारल्यास पुष्कळ वर्षें झालीं आणि मुलगा पुण्यास असतो, इतकेंच त्यानें सांगितलें. मुलाचा पत्ता त्यास ठाऊक नव्हता.

निकाल आम्हीं भाचेसुनेस फोनवर कळविला. मुलगी जाऊं दे, मात्र डोक्यावर दोघांच्याहि हेल्मेट हवें, आणि पाऊस असला तर बेत रद्द. पुढल्या रविवारीं पाऊस नव्हता. संध्याकाळीं चिरंजीवांचा निरोप आला: "आजोबा, दुसऱ्या गिअरमध्यें उतरलों. ही म्हणते, फार हळू चालवतोस, पुढच्या वेळीं बसनें जाईन."